नवाहो मुलीवर प्रेम आहे, तिच्या घरात तीन धर्म आहेत, माझा चौथा कुठे बसवू?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. मुलगा साताऱ्याचा, अल्बुकर्कीला सॉफ्टवेअरमध्ये, एच-वन-बी व्हिसावर. मुलगी नवाहो, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीची, 26 वर्षांची, न्यू मेक्सिकोत शिप्रॉकच्या बाजूची, फार्मिंग्टनला नर्स आहे. तिची आजी जुन्या रीतीची, घरात मेंढ्या आहेत, आई पेंटेकॉस्टल ह्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये जाते आणि मामा नेटिव्ह अमेरिकन चर्चचा. आई म्हणते बाप्तिस्मा घे, आजी बोलतच नाही. साताऱ्याहून आईबाबा म्हणतात मुलगी छान आहे, पण लग्न आपल्या पद्धतीनं करा आणि मग कॅलिफोर्नियात मोठ्या भावाजवळ जाऊन राहा. मुलगी म्हणते मी आमच्या चार डोंगरांच्या बाहेर राहणार नाही. त्याने लिहिलंय, "ताई, तिला कसं समजावू?"

बाळा, हा प्रश्नच आधी बाजूला ठेव. तिला काय समजावायचंय? ती जन्मापासून तीन धर्म सांभाळत आलीय, तुझ्यापेक्षा तिला ह्यातलं दहापट जास्त कळतं. तूच लिहिलंयस की ती वयात आली तेव्हा आजीला तिचा किनाल्डा करायचा होता, आईच्या पास्टरचा विरोध होता, शेवटी आजीच्या घरी झाला आणि आई त्या चार दिवसांत तिकडे फिरकलीसुद्धा नाही. हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलास, मी मात्र तिथेच थांबले. किनाल्डा म्हणजे काय ते माहितीय ना, चार दिवसांचा विधी, मुलगी पहाटे पूर्वेकडे पळते, रोज थोडं जास्त लांब, मका दळते, आणि शेवटच्या रात्री जमिनीत खड्डा करून मोठा मक्याचा केक भाजतात आणि रात्रभर गाणी म्हणतात. बाई कशी असावी हे चेंजिंग वूमन ह्या त्यांच्या पहिल्या आईपासून चालत आलंय असं ते मानतात, तिचंच रूप त्या मुलीला त्या चार दिवसांत मिळतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरीनं ते सगळं केलं आणि आई नव्हती. आणि त्यानंतरही ती आईबरोबर रविवारी चर्चला जात राहिली, आजीकडे मेंढ्या हाकायलाही जात राहिली. दोन्ही बाजूंचा राग पोटात घेऊन दोन्ही घरं तिनं जोडून ठेवलीत. आता तू चौथं ओझं आणून तिच्याच डोक्यावर ठेवणार, माझे आईबाबा असं म्हणतात, माझ्या देवाचं काय, कॅलिफोर्नियाचं काय, तर ती कोलमडेल. मी इकडच्या ह्या कोपऱ्यात बरीच वर्षं कपल्स आणि फॅमिली कौन्सेलिंग करतेय, नवाहो मुलीचं बाहेरच्या मुलाशी नातं तुटलेलं पाहिलं ते बहुतेक वेळा धर्मामुळे नाही, तर सगळ्यांना समजावायचं काम तिच्या एकटीवर पडल्यामुळे. तुझ्या बाजूची माणसं तू सांभाळ, तिच्या बाजूला तिला काय हवंय ते तिलाच विचार आणि तेवढंच कर. माझं खरं उत्तर एवढंच आहे, खाली लिहितेय ते सगळं ह्याचाच तपशील आहे. मी स्वतः नवाहो नाही, त्यामुळे जे लिहितेय ते बाहेरच्या माणसानं जवळून पाहिलेलं आहे, आणि ज्या जोडप्यांबद्दल बोलतेय त्यांचे तपशील मुद्दाम बदललेत.

सगळ्यात आधी एक छोटी पण टोचणारी गोष्ट. तुझ्या घरी फोनवर "रेड इंडियन" हा शब्द चालतो असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतं. तो आजच बंद कर, आईबाबांकडूनही बंद करून घे. ते स्वतःला दिने म्हणतात, नवाहो म्हटलेलंही चालतं. आणि आईबाबांना जरा नकाशा दाखव, त्यांच्या डोक्यात बहुतेक कुठलीतरी वस्ती किंवा पाडा असेल. नवाहो नेशन ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत मिळून सुमारे 27,000 चौरस मैल आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पावपेक्षा किंचित कमी. विंडो रॉकला त्यांची राजधानी, स्वतःची कौन्सिल, स्वतःची कोर्टं, स्वतःचे पोलीस, आणि नोंदणीकृत माणसं 4 लाखांच्या आसपास. तुझी मुलगी एका देशाची मुलगी आहे, हे तुझ्या बाबांना पटलं की त्यांचा सूर आपोआप बदलेल.

आता आजी. तू म्हणतोस ती बोलत नाही म्हणजे तिला मी नकोय. मला नाही वाटत. जुन्या दिने घरांत गप्प बसणं हा अपमान नसतो, डोळ्याला डोळा न भिडवणं हा आदर असतो, हात हलका मिळवतात, बोटानं दाखवत नाहीत तर ओठांनी दिशा दाखवतात. पूर्वी तर जावई आणि सासू एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत अशी रीत होती, अजूनही काही घरांत पाळतात. तेव्हा त्या पिढीच्या बाईनं तुझ्याशी पहिल्या भेटीत गप्पा माराव्यात ही अपेक्षाच चूक आहे. ती तुला बघतेय. लाकडं फोडतोस का, पाण्याचे ड्रम भरून आणतोस का हे बघतेय (नवाहो नेशनमध्ये जवळपास 30 टक्के घरांत अजून नळाचं पाणी नाही, त्यामुळे हे काम नाटकी नाही, रोजचं आहे), तिची नात बोलत असताना तू मध्ये तोंड घालतोस का हेही बघतेय.

आणि तिनं एकच प्रश्न विचारला होता तो तू हुकवलास असं मला वाटतं. "तुझे क्लॅन (कुळं) कोणते" असं तिनं नातीमार्फत विचारलं आणि तू म्हणालास आमच्यात तसलं काही नसतं. अरे नसतं कसं! तुझ्या आजीला विचार देवक म्हणजे काय. देवक एक निघालं तर सोयरीक होत नाही हे साताऱ्यातल्या कुठल्याही म्हातारीला माहिती असतं. दिने माणूस स्वतःची ओळख चार क्लॅननी करून देतो, आधी आईचा, मग वडिलांचा, मग आईच्या वडिलांचा, मग वडिलांच्या वडिलांचा, आणि आईच्या किंवा वडिलांच्या क्लॅनमध्ये लग्न चालत नाही, तरुण पोरं-पोरी आजही भेटल्यावर आधी हेच विचारून घेतात. आजीला फक्त हे जाणून घ्यायचं होतं की तू कोणाचा आहेस. पुढच्या वेळी उभा राहून सांग, आईची माणसं कुठल्या गावची, काय करायची, मग वडिलांची, मग दोन्ही आजोबांची. आई आधी. खोटा क्लॅन बनवू नकोस, फक्त माणसं आणि गावं सांग, शेती होती, जनावरं होती हे सांग. मुलीला ते नवाहोत आजीला सांगू दे. इंग्लिशमध्ये नोकरी आणि पगार सांगितल्यावर त्या म्हाताऱ्या बाईच्या हाती काहीच लागत नाही.

राहण्याचा मुद्दा हा माझ्या मते धर्मापेक्षा मोठा आहे आणि इथे तुझं घर जास्त बदलावं लागेल. दिने लोकांत वंश आईकडून चालतो आणि जुन्या रीतीप्रमाणे नवरा बायकोच्या माणसांजवळ राहायला जातो. आपल्याकडे घरजावई म्हणजे टोमणा, तुझ्या बाबांना तो शब्द ऐकूनच घाम फुटेल. तिकडे सासूच्या अंगणात राबणारा जावई म्हणजे चांगल्या घरचा मुलगा. बाबा माळकरी आहेत म्हणून आधी विठ्ठल आठवेल, पण त्यांना जेजुरीची आठवण करून दे. खंडोबानं बाणाईसाठी काय केलं, धनगराच्या वाड्यावर चाकरी केली, मेंढ्या राखल्या, तेव्हा कुठे ती मिळाली, आणि गड चढताना निम्म्या वाटेवर तिचं देऊळ आजही आहे. आपल्या देवाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते साताऱ्याच्या मुलाला का वाटावं? हे मी एका घरी खरंच बोलले होते आणि त्या काकांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

चार डोंगरांबद्दल तू "हट्ट" असा शब्द वापरलास, तो काढून टाक. पूर्वेला ब्लँका पीक, दक्षिणेला माउंट टेलर, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स, उत्तरेला हेस्परस, ह्यांच्या आत राहायचं असं त्यांना सांगितलेलं आहे. 1864 साली अमेरिकन सैन्यानं ह्या लोकांना घरंदारं जाळून, पीचची झाडं तोडून शेकडो मैल चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं, वाटेत आणि तिथे खूप माणसं मेली, आणि 1868 च्या तहानंतर ते परत आपल्याच जमिनीवर आले, असं परत यायला फार थोड्या जमातींना मिळालं. त्यानंतर पिढ्यान्पिढ्या मुलं बोर्डिंग शाळांत नेली, केस कापले, भाषा बोलली की मार. आजीच्या वयाची बाई बहुतेक त्यातूनच आलीय. तिच्यासाठी "नात कॅलिफोर्नियाला जातेय" हे वाक्य साधं नाही. मुलाची नाळसुद्धा ते मेंढ्यांच्या वाड्याजवळ पुरतात, जीव तिथे गुंतून राहावा म्हणून, आपल्या खेड्यांतही नाळ अशीच पुरायचे. तेव्हा फार्मिंग्टन, गॅलप किंवा ड्युरँगोला राहून रिमोट काम मिळतंय का हे शोध. शिप्रॉक तुझ्यापासून तीन-साडेतीन तास आहे, ती दर आठवड्याला तुझ्याकडे येते असं लिहिलंस, तू तिच्याकडे किती वेळा जातोस ते लिहिलं नाहीस.

जमिनीचंही समजून घे. रिझर्वेशनची, म्हणजे नवाहो नेशनची जमीन विकत घेता येत नाही, ती अमेरिकन सरकारच्या ट्रस्टमध्ये आहे, घर बांधायला नेशनकडून होमसाइट लीज, म्हणजे भाडेपट्टा मिळते, जास्तीत जास्त एक एकर, आणि ती मिळते नवाहो माणसाला, तिच्या हक्कावर. घरात तुझा पैसा जाईल आणि हक्क तिचा असेल. ह्यात कमीपणा वाटत असेल तर लग्नाआधीच स्वतःशी कबूल कर.

आता आई आणि चर्च. इथे आपली हिंदू मुलं एक गोष्ट हमखास करतात आणि ती मला फार खटकते. आजीचे विधी बघून त्यांना वाटतं हे तर आपल्यासारखंच आहे, धरती आई, सूर्य, चार दिशा, आणि मग ते मुलीला म्हणतात तुझी आई परकीय धर्माला लागलीय, आजीचंच खरं. असं कधीही म्हणू नकोस. तू लिहिलंस की आजोबा युरेनियमच्या खाणीत होते आणि ते गेल्यावर आई चर्चमध्ये गेली. 1944 ते 1986 ह्या काळात नवाहो जमिनीतून सुमारे 3 कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं, खाणकामगारांना धोका कोणी सांगितला नाही, फुफ्फुसाच्या कॅन्सरनं माणसं गेली, सरकारनं भरपाईचा कायदा केला तो 1990 मध्ये. वडिलांना तसं जाताना बघितलेल्या बाईला एका तंबूत तिच्याच भाषेत प्रार्थना करणारी माणसं भेटली, घरातली दारू सुटली, पोरं शाळेत गेली. तो तिचा खरा धर्म आहे, कोणी लादलेला नाही. पूर्ण बायबल नवाहोत 1985 साली आलं, ती चर्चमध्ये आपल्या भाषेत गाते. त्या बाईचा मान तू आजीइतकाच ठेवायला हवा.

तरी बाप्तिस्मा घेऊ नकोस, मनात नसताना तर अजिबात नको. तिला स्पष्ट आणि शांतपणे सांग की मी खोटं बोलून तुमच्या घरात येणार नाही, पण रविवारी तुम्हाला चर्चला गाडीनं सोडीन, बसीन, जेवणाच्या वेळी खुर्च्या लावीन. आणि लक्षात घे, तुझ्या टेबलावरचा गणपती आजीला खुपणार नाही, आईला खुपेल, कारण मूर्तिपूजा म्हटलं की तिच्या चर्चचा सगळ्यात कडक नियम आड येतो. मूर्ती लपवू नकोस, पण तिला घरी बोलावशील तेव्हा प्रसाद हातावर ठेवू नकोस, फळं दे.

मामाचं वेगळं. नेटिव्ह अमेरिकन चर्चमध्ये पेयोटी हा भास घडवणारा निवडुंग पवित्र औषध म्हणून घेतात. नवाहो कौन्सिलनंच 1940 मध्ये त्याला बंदी घातली होती, ती 1967 ला उठली, आणि फेडरल कायद्याचं संरक्षण 1994 च्या दुरुस्तीनं आलं, पण ते संरक्षण जमातीच्या माणसांना आहे. तू व्हिसावर आहेस. मामानं प्रेमानं रात्रभराच्या मीटिंगला बोलावलं तर लाकडं आण, सकाळचं जेवण वाढायला थांब, औषधाला हात लावू नकोस, आणि कारण मामाला सरळ सांग, तो समजून घेईल.

मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते तू विचारलंच नाहीस. मरण. तुझ्या अल्बुकर्कीच्या घरात आजोबांचा हार घातलेला फोटो भिंतीवर आहे ना? पारंपरिक दिने माणसासाठी गेलेल्या माणसाचं नाव वारंवार घेणं, त्याच्या वस्तू घरात ठेवणं हे जिवंत माणसांना आजारी पाडणारं असतं. पूर्वी ज्या घरात माणूस गेलं ते घर सोडून द्यायचे. आणि आपल्याकडे मुलानं अग्नी द्यायचा, अस्थी हातानं गोळा करायच्या, दरवर्षी नाव घेऊन पान वाढायचं. एका जोडप्याचं सगळं छान चाललं होतं, मुलाचे वडील गेले, तो गावाहून थोड्या अस्थी घेऊन परत आला आणि डब्यात घालून देवघरात ठेवल्या, इकडच्या नदीत सोडायच्या म्हणून. बायको नर्स, रोज हॉस्पिटलमध्ये मृत्यू बघणारी, पण त्या रात्री ती घरात झोपू शकली नाही, माहेरी गेली, आणि ह्याला वाटलं माझ्या दुःखात ही मला सोडून गेली. दोघंही चुकीचे नव्हते. हे आधीच बोलून ठेवायला हवं होतं, कोण गेलं तर काय करायचं, ती कुठे राहील, शुद्धीचा विधी करायचा असेल तर कोणाला बोलवायचं. तुम्ही दोघं हे आत्ताच बोला, पण आजीसमोर मात्र मरणाचा विषय काढू नकोस. तिला ते बोलून ओढवून घेतल्यासारखं वाटेल. तो फोटो कुठे लावायचा हेही तिलाच विचार.

काही गोष्टी मात्र आपोआप जुळतील. ग्रहण बघ. 14 ऑक्टोबर 2023 च्या सूर्यग्रहणाला मॉन्युमेंट व्हॅलीसारखी नवाहो पार्क्स बंद ठेवली होती, कारण ग्रहणात जुने दिने घराबाहेर पडत नाहीत, खात-पीत नाहीत, वर बघत नाहीत. तुझी आई वेध पाळत असेल तर तिला आणि आजीला एकमेकींना काही सांगायची गरजच पडणार नाही. स्वस्तिकाचं मात्र जपून. तसंच चिन्ह नवाहो विणकामात होतं, पण हिटलरमुळे फेब्रुवारी 1940 मध्ये नवाहो, होपी, अपाचे आणि पापागो लोकांच्या प्रतिनिधींनी टुसॉनला जाहीर सही करून ते वापरणं सोडलं, आणि नंतर त्यांची किती पोरं त्या युद्धात लढली. रुखवतात, पत्रिकेत, दारात सगळीकडे काढण्याआधी तिच्या घरच्यांशी बोल. नागाचं चित्रही नको, साप हा त्यांच्याकडे लांब ठेवायचा विषय आहे.

मुलांचं विचारलंस. इथे माझं मत तुला सोपं वाटेल. आई नवाहो असली की मूल तिच्या क्लॅनचं, त्यात कोणी काही म्हणू शकत नाही, आणि तुमच्याकडे कुळ वडिलांकडून चालतं, म्हणजे एकाच गोष्टीवर दोन घरं भांडतच नाहीयेत, मुलाला दोन्ही मिळतं. नवाहो नोंदणीला किमान एक चतुर्थांश नवाहो रक्त लागतं, मुलगी पूर्ण नवाहो असेल तर तुमच्या मुलांचं अर्धं धरलं जाईल, प्रश्न येईल तो नातवंडांच्या वेळी. बारसं खुशाल करा. त्यांच्याकडे बाळ पहिल्यांदा खुदकन हसलं की ज्यानं हसवलं त्यानं जेवण द्यायचं असतं, बाळाच्या हातून सगळ्यांना मीठ द्यायचं असतं, बाळ उदार मनाचं व्हावं म्हणून. तुझ्या आईला त्या महिन्यांत इकडे बोलव, तिनंच हसवलं तर आणखी छान. आणि पुढे मुलगी झाली, वयात आली, तर किनाल्डा होणार का आणि त्या वेळी आजी झालेली तुझी सासू येणार का, हे दुखणं परत वर येईल. त्याचा निर्णय तुझा नाही. पण तो दिवस येईल तेव्हा तुझी बायको एकटी नसेल एवढं तू बघू शकतोस.

लग्न. आईबाबा "आपल्या पद्धतीनं" म्हणतायत त्यांना सांग की नवाहो कायद्यातच पारंपरिक लग्नाचं वर्णन आहे आणि त्यात मुलाच्या आईवडिलांनी मुलीच्या घरी जाऊन मागणी घालायची असते. म्हणजे पहिलं पाऊल त्यांचंच आहे, आणि व्हिडिओ कॉलवर नाही. लग्नात नवरानवरी एकमेकांच्या हातावर पाणी घालतात, विणलेल्या टोपलीतली मक्याची लापशी चारी दिशांनी आणि मग मधून खातात, आणि नंतर मोठी माणसं एकेक करून तासन्तास उपदेश करतात, त्यात तुझ्या बाबांनाही बोलायला सांगतील, त्यांनी तयारी करून यावं. टोपली नवऱ्याच्या आईला देतात, ती तुझी आई सातारला घेऊन जाईल. मेंढी कापली जाईल, कापू नका असं चुकूनही म्हणायचं नाही. बाबा माळकरी आहेत हे आठवडाभर आधी कळवलं की त्यांच्यासाठी भाजलेली कणसं, घेवडा, भोपळा, ब्लू कॉर्न सगळं मिळेल. फक्त फ्राय ब्रेड कशात तळलाय ते विचारून घ्या, काही ठिकाणी डुकराची चरबी असते. फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. दारू तर नाहीच, नवाहो नेशनमध्ये कायद्यानं बंदी आहे, आणि गाडीत लपवून आणली तर ज्या घरानं ती सोडवायला एवढं सोसलंय त्यांना काय वाटेल ते तूच समज.

तिच्या घरच्या कोणालातरी शंका येणारच की हा ग्रीन कार्डसाठी लग्न करतोय. रागावू नकोस, कोणी विचारायच्या आधी स्वतःच विषय काढ, कंपनीकडून ग्रीन कार्डची प्रोसेस सुरू असेल तर तसं सांग, नसेल तर तेही सांग. काउंटीचं मॅरेज लायसन्स टोपलीच्या लग्नाआधीच काढून ठेवा. तिचं ओसीआय, म्हणजे भारतात राहण्या-येण्याचं कार्ड करायचं असेल तर लग्नाची नोंदणी होऊन 2 वर्षं व्हावी लागतात.

आईबाबांना सप्टेंबरमध्ये आण, जानेवारी-फेब्रुवारीत कच्चे रस्ते चिखलानं बंद पडतात. आल्यावर तीन-चार दिवस मागणीबद्दल काही बोलू नका, आजीच्या अंगणात बसू दे त्यांना, आई कणसं सोलेल, बाबा मेंढ्यांकडे बघत बसतील. मागणी कोणासमोर घालायची, आजीसमोर की आईसमोर की दोघींसमोर एकत्र, हे आधी मुलीला विचार, आणि ती म्हणाली अजून थांबूया तर विमानाची तिकिटं पुढे ढकल.